पंधरा अँपिअर

हे घडलेलं आहे. ऐकीव नाही, कुणाच्या मित्राच्या मित्राचं नाही. जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी धाकटी बहीण, सुमती.

सगळेच असं म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण सुमतीने पनवेलच्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली, की ती एवढंच विचारायची, "मोजलंस का? किती होतं?" मुलं खाली बघायची.

त्या रात्री तिने मोजलं होतं.

आकडे वहीत आहेत. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

शनिवार, १५ डिसेंबर २०१२. चिरनेरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेची एक आंब्याची बाग. अमावस्या होऊन दोनच दिवस झालेले.

पण आधी त्या बागेत ती गेली कशाला, हे सांगायला हवं.

सुमतीचा नवरा बाळकृष्ण. सगळे त्याला बाळू म्हणतात. एसटीच्या पनवेल आगारात तो वाहतूक नियंत्रक होता. "आयुष्यभर लोकांना गाड्यांत बसवलं, मी मात्र खिडकीतच," असं म्हणायचा. निवृत्त झाल्यावर गावोगाव हिंडायचं त्याने ठरवलं होतं. तेवढ्यात आजार निघाला. झोप लागली की घशातली वाट मिटायची आणि श्वास थांबायचा. त्यात हृदय अशक्त. डॉक्टरांनी एक मशीन दिलं. रात्री नाकावर मास्क लावायचा, मशीन सकाळपर्यंत हवा ढकलत राहतं.

"एक रात्रसुद्धा याच्याशिवाय झोपू द्यायचं नाही," डॉक्टरांनी सुमतीला बजावलं होतं. "एक म्हणजे एकही नाही."

मशीन विजेवर चालणारं. आणि बाळूला जायचं होतं ती गावं अशी, की जिथे संध्याकाळी वीज गेली की सकाळी यायची.

मग सुमतीनेच तोड काढली. घरच सोबत न्यायचं. जीपच्या मागे जोडायचा ट्रेलर बनवून घ्यायचा, त्यात पलंग, ओटा, दिवे, पंखा आणि स्वतःची वीज.

बाळू त्याला पहिल्या दिवसापासून "डबा" म्हणायला लागला.

डबा बनवला परेशने. जुन्या हायवेवर त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. टेम्पोच्या मागचे साटे, पाण्याचे टँकर, असली कामं. परेश सुमतीचा जुना विद्यार्थी, त्यामुळे तो तिला 'बाई' म्हणायचा आणि ती त्याला अजून सातवीतलाच समजायची.

बॅटरीची वेळ आली तेव्हा दोघांचं जुंपलं.

"गाडीची टाकू या की, बाई. कुठंबी मिलते."

"गाडीची नको. ती एका दमात जोर लावते आणि थकते. आपल्याला रात्रभर चालणारा बैल हवा. आता ऐक. बॅटरी म्हणजे टाकी. यांच्या मशीनला तासाला तीन अँपिअर लागतात. आठ तासांचे किती?"

"चोवीस."

"दिवे, पंखा धरून चाळीस. आणि टाकी अर्ध्याच्या खाली न्यायची नाही, नाहीतर आतल्या प्लेटी मरतात. म्हणजे निदान ऐंशीची हवी. वर राखीव म्हणून दुसरी. का हसतोस?"

"आवं बाई, दोन मोठ्या टाकल्या तर डबा पुढून जमिनीला टेकंल. वजन बगा की."

मग परेश आत गेला आणि एक काळी बॅटरी दोन्ही हातांनी उचलून घेऊन आला. मोठी. एकशेतीसची. अंगावर पिवळ्या रंगात बोटाने काढल्यासारखी दोन अक्षरं, 'का. रा.'

"ही माझ्याकडं महिनाभर पडून हाय. बोटीवरची. बोटीच्या बॅटरीला मरान नाय, बाई. तुमी फक्त एक छोटी नवी घ्या, ही हाय जोडीला."

"जुनी आणि नवी एकत्र जोडायची नाही. जुनी नवीला खाते. शिकवलं होतं तुला."

"मला तर तुमी फक्त बाकावर उभं राहायला शिकवलेलं."

सुमती हसली. पण विश्वास ठेवायचा तर मोजून, हा तिचा नियम. तिने बॅटरीचं पाणी तपासायची काचेची नळी घेतली आणि सहाही कप्प्यांतलं पाणी ओढून पाहिलं. सगळीकडे नळीतला तरंगता काटा हिरव्यात. मग परेशला जीपचा हेडलाइट तिच्यावर लावायला सांगितला. तासभर दिवा जळला. व्होल्टेज केसभरही उतरलं नाही.

दुकानातल्या कोऱ्या बॅटरीचं उतरलं. हिचं नाही.

"कुणाची रे ही?"

"काकाच्या बोटीवरची. आमी मूलचे करंजाचे. काका आता नाय." परेशने बॅटरी पुसली. "भारी मानूस होता."

सुमतीने पुढे विचारलं नाही. मोजमाप तर डोळ्यांसमोर होतं. तिने नवी बॅटरी घेतली ती पासष्टची, छोटी, वजन वाचवायला. दोन्ही शेजारी शेजारी, डब्याच्या पुढच्या पेटीत बसवल्या आणि जाड वायरने एकमेकींना जोडल्या. आकड्यांत कुठेही चूक नव्हती.

पहिली रात्र परीक्षेची. लांब जायचं नाही, एकच मुक्काम. चिरनेरची ती बाग परेशच्या ओळखीतल्याची. दुपारी त्याने स्वतःच्या जीपने डबा ओढत नेला, आंब्याखाली लावला, चाकांना दगड टेकवले.

"उद्या सकाली आठला येतो. काय लागलं तर फोन करा."

जीप गेली. धुरळा बसला. सुमतीने फोन काढून पाहिला. रेंज नव्हती. गाव तिथून दीड-दोन किलोमीटर. तिने मनात म्हटलं, एका रात्रीचा तर प्रश्न.

बाळू मात्र लहान मुलासारखा खूश. खुर्ची टाकून बसला आणि आगारातल्या आवाजात ओरडला, "चिरनेर, चिरनेर! उतरून घ्या! सुटे पैसे नंतर देतो!"

"अहो, हळू. दम लागेल."

"लागू दे. आज मी खिडकीत नाहीये."

दोघांनी चहा घेतला. सूर्य डोंगरामागे गेला. पाखरांचा कालवा झाला आणि विरला. रातकिडे सुरू झाले.

आणि मग...

रातकिडे थांबले.

एकदम. कुणीतरी बटण दाबल्यासारखे.

त्या शांततेत लांबून एक आवाज यायला लागला.

टक... टक... टक... टक...

"इंजिन आहे कसलंतरी," सुमती म्हणाली.

"शेतात पंप लावला असेल कुणी. डिझेलचा."

सुमतीने घड्याळ पाहिलं. उगीच, सवयीने. सव्वासहा.

तिने आत जाऊन दिवा लावला, पंखा लावला. भाकरी, वांग्याची भाजी घरून आणली होती. जेवणं झाली. बाळू डेपोतल्या गमती सांगत बसला. आवाज चालूच होता. टक, टक, टक. इतका एकसारखा, की कान त्याला विसरून गेले होते.

साडेआठच्या सुमाराला बाळू बोलता बोलता थांबला.

"सुमती, पंप कधी चालतो का?"

"म्हणजे?"

"म्हणजे जागा बदलतो का? मघाशी हा आवाज त्या टेकडीच्या मागे होता. आता बागेच्या बांधावर आहे."

सुमतीने कान दिला.

खरंच जवळ आला होता.

ती काही बोलणार, तेवढ्यात डब्यातला दिवा मंद झाला. पिवळा पडला. पंख्याची पाती डोळ्यांना एक एक दिसायला लागली.

तिने वर पाहिलं. दाराजवळ अँपिअरचा काटा बसवला होता, किती वीज खर्च होते ते दाखवणारा. एक दिवा, एक पंखा. काटा दोनच्या आसपास हवा.

काटा सतरावर होता.

तिने दिवा बंद केला. पंखा बंद केला. टॉर्च मारला.

पंधरा.

सगळी बटणं बंद, आणि पंधरा अँपिअर वीज कुठेतरी जात होती.

सुमती घाबरली नाही. वायर कुठेतरी टेकली असेल, तिने ताडलं. एक एक फ्यूज काढत गेली. दिव्याचा. पंख्याचा. पाण्याच्या मोटरचा. मशीनच्या सॉकेटचा. चारही फ्यूज तिच्या तळहातावर आले. आता डब्यातली एकही वस्तू बॅटरीला जोडलेली नव्हती.

तिने काट्यावर टॉर्च मारला.

पंधरा.

"काय झालं गं?" बाळूने अंधारातून विचारलं. जांभई दिली.

"काही नाही. झोपू नका हं एवढ्यात."

"नाही झोपत."

ती बाहेर आली. पुढची पेटी उघडली. तिला आता कळल्यासारखं वाटत होतं. जुनी नवीला खाते. शिकवलं होतं की आपणच. पण खाणारी बॅटरी तापते. तिने काळ्या बॅटरीवर हात ठेवला.

गार होती.

नुसती गार नाही...

ओली होती. डिसेंबरची कोरडी हवा, बंद पेटी, आणि बॅटरीच्या अंगावरून पाणी ओघळत होतं.

तिने मीटर लावला. नवी बॅटरी: पासष्टातले जेमतेम वीस उरलेले. जुनी: भरलेली. काठोकाठ. दुपारी होती तशीच.

आता लक्ष द्या. हा हिशेब सुमतीने तिथेच, टॉर्च दातांत धरून, वहीत केला. नव्या बॅटरीतले पंचेचाळीस गेले. ताशी पंधरा. म्हणजे तीन तास. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

सव्वानऊ वजा तीन.

सव्वासहा.

रातकिडे थांबले, इंजिन सुरू झालं, ती वेळ.

सुमतीने पान्याने दोन बॅटऱ्यांमधली जाड वायर सोडवली. ठिणगी उडाली. वायर सुटली.

आणि इंजिनाचा आवाज बदलला.

इतका वेळ तो सरळ त्यांच्याकडे येत होता. आता तो डावीकडे गेला. थांबला. मग उजवीकडे. मग मागे. पुन्हा डावीकडे. बागेच्या भोवती, अंधारात, टक-टक-टक-टक करत फिरायला लागला. घाईने. दिशा चुकलेल्या माणसासारखा.

झाडांच्या मधून. जिथे बैलगाडीसुद्धा वळली नसती तिथून.

दिसत काहीच नव्हतं.

आत बाळू घोरायला लागला.

आणि घोरणं थांबलं.

सुमती आत धावली. तो खुर्चीतच झोपला होता, मान छातीवर. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा सेकंद. पंधरा. वीस. छाती हलत नव्हती.

"अहो! उठा! उठा आधी!"

त्याने हिसका देऊन श्वास घेतला. "जागाच आहे मी..." म्हणाला आणि पुन्हा मान टाकली.

हे रात्रभर चालणार नाही, हे तिला कळत होतं. मशीनला चोवीस हवेत. नवीत वीस. पहाटे तीन-चारला मशीन बंद पडेल. त्या वेळी तिचा स्वतःचा डोळा लागला असला तर? गावात जाऊन माणसं आणावीत, तर तेवढा वेळ याला एकटं सोडायचं कसं?

आणि पेटीत ती काळी बॅटरी. भरलेली.

तिने मशीनची वायर त्या बॅटरीपर्यंत नेली. ती मला म्हणाली, "दादा, त्या क्षणी मला सगळं कळलं होतं असं नाही. पण एवढं कळलं होतं, की ही वीज कुणीतरी वापरतंय. दिव्यासाठी. ही बॅटरी मी घेतली, की त्या माणसाला अंधार."

इंजिन आता डब्याच्या अगदी मागे होतं. फट-फट-फट. डिझेलचा वास आला. त्याच्या पाठोपाठ दुसरा वास. बंदरावर येतो तो. ओल्या जाळ्याचा.

आत पुन्हा घोरणं थांबलं.

सुमतीने वायर लावली.

मशीन सुरू झालं. हिरवा दिवा लागला. तिने बाळूला कसंबसं पलंगावर लोटलं, मास्क चढवला. छाती वर आली. खाली गेली. वर आली.

बाहेर इंजिन एकदा जोरात ओरडलं. मग अडखळलं. टक... टक...

टक...

आणि बंद पडलं.

यानंतरची शांतता मला सांगता येणार नाही. सुमतीलाही सांगता येत नाही. पान हलत नव्हतं. ती पलंगाच्या कडेला बाळूचा हात धरून बसली होती. मशीनचा सुस्कारा, बाळूचा श्वास. मशीन, श्वास.

मग पत्र्यावर...

बाहेरून हात फिरला.

ठोकलं नाही. नुसता तळवा पत्र्यावरून फिरत होता, हळूहळू, चाचपडत. होडी अंधारात धक्क्याला लागताना माणसं दगड चाचपतात तसा. एका बाजूने आला, मागच्या बाजूला गेला, पुढे पेटीपाशी आला.

तिथे थांबला.

पेटीचं झाकण सुमतीने उघडंच टाकलं होतं.

आता तो वायर काढणार, असं तिला वाटलं. तिने बाळूचा हात घट्ट धरला. आणि माझी बहीण, जिने आयुष्यात कधी देवासमोरही काही मागितलं नाही, ती त्या पत्र्याच्या भिंतीला म्हणाली,

"नका काढू. माझा माणूस आहे आत. एवढी रात्र राहू द्या. सकाळी मी स्वतः आणून देते."

बराच वेळ काही झालं नाही.

मग कुणीतरी लांब, दमलेला श्वास सोडला. पत्र्याच्या पलीकडे, अगदी तिच्या कानाशी.

वायर जागेवरच राहिली. कितीतरी वेळाने एक रातकिडा ओरडला. मग दुसरा.

सकाळी सहाला बाळू उठला. मास्क काढला, आळस दिला. "काय झोप लागली, सुमती! वर्षानुवर्षांत अशी लागली नव्हती. चहा टाक."

तिने चहा टाकला. मग बाहेर गेली. डब्याला चारही बाजूंनी, गुडघ्याच्या उंचीवर, एक सरळ ओली रेघ होती. भरती उतरल्यावर धक्क्यावर राहते तशी. तिने बोट लावून जिभेवर ठेवलं.

खारट.

खाडी तिथून काही किलोमीटर. सुमतीने फडकं घेतलं आणि बाळू बाहेर यायच्या आत रेघ पुसून टाकली.

परेश आठला आला. तिने त्याला बाजूला घेतलं.

"काका गेले कसे?"

परेशने आधी टाळलं. मग तिचा चेहरा पाहिला.

"बोटीवर दोन बॅटऱ्या असतात, बाई. एक इंजन चालू करायला. दुसरी दोन फोकस आन् वायरलेसला. तीन वर्सांपूर्वी दुसरी बॅटरी चार्जिंगच्या दुकानात होती. काशिरामकाका बोलला, एका रातीचं काम हाय, उजेडाबिगर जाऊन येतो. इंजन व्यवस्थित होतं. उजेड नव्हता." त्याने नाक पुसलं. "आला नाय. बोट बी नाय मिलाली."

"आणि ही ती दुकानातली."

"व्हय. रंभाकाकीनं घरी आनून ठेवली. तीन वर्सं. रोज चार्ज करायची आन् सांजंला दारात घेऊन बसायची. लोक हसायचे, बाई. म्हनून मी, दुरुस्त करून देतो सांगून, उचलून आनली. तिचं डोकं जाग्यावर यावं म्हनून."

"दोन फोकस आणि वायरलेस. किती अँपिअर घेतात?"

परेशने बोटं मोजली. "पंधरा. का?"

बाळूला घरी सोडून ते दोघं तसेच करंजाला गेले. बाळूला सांगितलं, बॅटरीत जरा बिघाड आहे. ते खोटं नव्हतं.

रंभा दारात सुकट निवडत बसली होती. पन्नाशीची, काटक बाई. कपाळावर मोठं कुंकू. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. परेशच्या हातातली बॅटरी पाहून उठून उभी राहिली.

"आनलीस? महिनाभर कान फुटले माझे ऐकून ऐकून. कायबी ऐकू नाय आलं."

"काय ऐकू यायचं?" सुमतीने विचारलं.

रंभाने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू कोन गो बाई?"

"परेशची शिक्षिका. ही बॅटरी माझ्याकडे होती."

"त्याचं इंजन." रंभा खाली बसली. "पयल्या वर्सी लय लांब वाजायचं. मी बोल्ले, वाट चुकलाय, उजेड दिसला का येईल. रोज बॅटरी भरून ठेवली. दुसऱ्या वर्सी बंदराच्या भायेर आलं. यंदा तर धक्क्याशी वाजायचं. आज-उद्याची गोष्ट होती. आन् हा भाडखाऊ घेऊन गेला ती." तिने परेशकडे पाहिलंही नाही. "मी समजले, बॅटरीच्या मागं गेला आसंल. जाऊ दे. जिथं उजेड तिथं जाईल."

सुमतीला गप्प बसता आलं असतं. ती बसली नाही. मुलांना तिने हेच शिकवलं होतं, की झालेली चूक स्वतःच्या तोंडाने सांगायची.

"काल तो आला होता. अगदी दारापर्यंत आला होता, रंभाबाई. मी वायर काढली. माझ्या नवऱ्याला श्वासाचं मशीन लागतं. वीज एकापुरतीच होती."

सुकटीवर माश्या बसत होत्या. रंभाने हाकलल्या नाहीत.

"मंग इंजन?"

"बंद पडलं."

"पुना नाय वाजलं?"

"नाही."

मग रंभाने विचारलं,

"तुझा मानूस सकाली उठला?"

"उठला."

"काय बोल्ला?"

"चहा मागितला."

रंभाने मान हलवली. दोनदा. मग डाव्या हातातली पहिली बांगडी ओढली. निघेना. थोडं पाणी लावलं. निघाली. ती तिने सुपात ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. सुमतीने तिचा हात धरायला हात पुढे केला, तर रंभाने तो बाजूला सारला. रागाने नाही.

"बस हितंच," ती म्हणाली. "झाल्याबिगर जाऊ नको. एकटीनं काढवत नाय."

सुमती बसली. शेवटची बांगडी निघेपर्यंत बसली. कुंकू रंभाने स्वतःच पदराने पुसलं.

निघताना ती परेशला म्हणाली, "ने ती आता. दे भंगारात."

परेशने ती दुकानात आणली आणि भंगारात घालायच्या आधी फोडली. त्याने सुमतीला बोलावून घेतलं. फोनवर त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

सहा कप्पे. थेंबभर पाणी नाही. ज्यातून सुमतीने स्वतःच्या हाताने नळी भरून घेतली होती, ते सहाही कप्पे कोरडे ठणठणीत. प्लेटींचा चुरा झालेला. त्यावर पांढरं मीठ, बोटभर थर.

"बाई, ही आज नाय मेलेली," परेश म्हणाला. "ही तीन वर्सांपूर्वीच मेलीय. हिच्यावर टॉर्चचा बल्ब लागायचा नाय."

सुमतीच्या वहीत शेवटची ओळ आहे. 'रात्री ९.४० ते सकाळी ६.००. मशीन अखंड चालू.' खाली तिने रेघ मारली आहे. रेघेखाली काही लिहिलेलं नाही.

आठ तास वीस मिनिटं माझ्या मेहुण्याच्या छातीत हवा भरली जात होती. ती कशाच्या जोरावर, हे मला माहीत नाही. ज्याने हात आवरता घेतला, त्याने आणखी काय दिलं, याचा विचार मी करू लागलो की मला दिवसाढवळ्यासुद्धा दार लावून घ्यावंसं वाटतं.

बाळू ठणठणीत आहे. डबा घेऊन कोकणात फिरतो, नव्या दोन बॅटऱ्या आहेत. फक्त सुमती त्याला समुद्राच्या बाजूला मुक्काम करू देत नाही. का, ते तो विचारतो. ती डासांचं कारण सांगते.

त्याला आम्ही यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हाला कुठे रस्त्यात भेटला, तर कृपा करून तुम्हीही सांगू नका.